पापणीआड दडलेला गोल

लेथवर काम करणारा एक तिशीतला तरुण माझ्याकडे दोनदा एकच तक्रार घेऊन आला होता. कृत्रिम डोळ्यातून चिकट पाणी येते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. दोन्ही वेळा मी प्रतिजैविकाचे थेंब लिहून दिले. तिसऱ्या खेपेस त्याला तो डोळा काढून ठेवावयास सांगितला आणि विजेरीच्या उजेडात खोबणीत पाहिले. गुलाबी अस्तराच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट, खरबरीत ठिपका दिसत होता. आत पुरलेला गोल उघडा पडला होता. हे मी पहिल्याच भेटीत पाहावयास हवे होते.

कृत्रिम डोळा म्हणजे एकच वस्तू, असा बहुतेक घरांतून समज असतो. वास्तविक त्या दोन असतात. बुबुळ रंगवलेले, काढता-घालता येणारे कवच आपल्याला दिसते. त्याच्या मागे, अस्तराखाली, शस्त्रक्रियेच्या वेळी कायमचा बसवलेला गोल असतो, तो कोणालाच दिसत नाही. आपला नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा. तो काढल्यावर उरणारी पोकळी भरली नाही, तर वरची पापणी आत ओढली जाते. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे ज्या बालकांचा डोळा काढावा लागतो, त्यांच्यात तर खोबणीच्या हाडांची वाढच मागे पडू शकते.

१८८५ च्या सुमारास इंग्लंडमधील डॉ. फिलिप म्यूल्स यांनी याकरिता पोकळ काचेचा गोल वापरला. पुढे अ‍ॅक्रिलिक आणि सिलिकॉन आले. हे गोल गुळगुळीत असतात. शरीर त्यांच्याभोवती तंतूंची पिशवी विणते, पण आत शिरत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. आर्थर पेरी यांनी समुद्री प्रवाळापासून तयार केलेला हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा गोल वापरात आणला. हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या या पदार्थात एकमेकींना जोडलेली सूक्ष्म छिद्रे असतात. डोळा हलवणारे स्नायू गोलाला किंवा त्याच्या आवरणाला शिवले, की त्यांच्यातून बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू त्या छिद्रांत शिरू लागतात. काही महिन्यांत गोल आतून जिवंत ऊतींनी भरतो. मग तो सहसा जागेवरून सरकत नाही, आणि रक्तपुरवठा पोहोचल्यामुळे जंतूंशी झुंजण्याची क्षमताही तेथे येते. सच्छिद्र पॉलिएथिलिनचे गोलही याच तत्त्वावर चालतात.

मात्र याच खरबरीतपणाची दुसरी बाजू आहे. वरचे अस्तर पातळ असेल, ताण देऊन शिवले गेले असेल किंवा कवच एकाच जागी घासत असेल, तर ते झिजते. रक्तवाहिन्या तोवर पृष्ठभागापर्यंत पोहोचलेल्या नसतील, तर गोलाचा तेवढा भाग परका दगडच राहतो. छिद्र लहान आणि खालचा भाग रक्ताने भरलेला असेल, तर ते कधी कधी आपोआप भरून येते. मोठे असल्यास ऊतीचे ठिगळ लावावे लागते. जंतुसंसर्ग खोल गेला, तर गोलच काढावा लागतो.

महागडा सच्छिद्र गोल म्हणजे निश्चितच उत्तम, असे मी रुग्णांना सांगत नाही. हालचाल अधिक चांगली व्हावी म्हणून गोलात छिद्र पाडून कवचाला खुंटीने जोडण्याची पद्धत एके काळी उत्साहाने स्वीकारली गेली. खुंटीभोवती स्राव आणि मांसवाढ होऊ लागल्याने ती आता मागे पडली आहे. साधे अ‍ॅक्रिलिकचे गोल आजही अनेक शल्यविशारद बसवतात. स्नायू कसे शिवले आणि वरचे थर किती सैलपणे मिटवले, याला पदार्थाइतकेच महत्त्व असते.

थोडा पांढरा स्राव अनेकांना अधूनमधून येतो, त्याने घाबरू नये. परंतु स्राव अचानक वाढला, त्याला दुर्गंधी किंवा रक्ताची छटा आली, कवच सैल पडले अथवा नीट बसेनासे झाले, तर कवच काढून खोबण तपासून घ्यावी. औषधाच्या दुकानातून थेंब आणून आठवडे दवडू नयेत. कवच वारंवार काढून घासणेही बरे नव्हे. त्याला स्पिरिट कधी लावू नये, आणि वर्षातून एकदा ते पॉलिश करून घ्यावे.

त्या तरुणाला मी त्याच दिवशी नेत्रशल्यविशारदांकडे पाठवले. ठिगळ लावल्यावर जखम भरली, कवच नव्या मापाने घडवले गेले. आता तो पुन्हा लेथवर उभा राहतो, पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून. राहिलेल्या डोळ्यासाठी तो चष्मा कामावरच नव्हे, घराबाहेरही लाव, असे मी त्याला प्रत्येक भेटीत बजावतो. घराबाहेर तो अजून लावत नाही.