रानपिंगळ्याच्या नावातलं रान

अमरावतीजवळच्या वलगावहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं, की बांधावरच्या कडुलिंबात साधा पिंगळा हमखास दिसतो. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र इथे भेटत नाही. त्याच्यासाठी मेळघाटातल्या सागवानात शिरावं लागतं. इंग्रजीत तो ‘फॉरेस्ट आउलेट’.

‘आउल’ हा शब्द पक्ष्याच्या आवाजातूनच आला. जुन्या इंग्रजीत ‘ऊले’, लॅटिनमध्ये ‘उलुला’, आपल्याकडे ‘उलूक’. लघुत्वदर्शक प्रत्यय मागे लागला की घुबड लहान होतं. आउलेट म्हणजे घुबडाचं पिल्लूही आणि लहान चणीची जातही; इथे जात अभिप्रेत आहे. ‘फॉरेस्ट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘बाहेर’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे वस्तीबाहेरचा मुलूख. आपलं ‘रान’ आलं ‘अरण्या’वरून, आणि अरण्याच्या मुळाशी ‘अरण’ म्हणजे दूरचं, परकं. एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांनी जंगल गावकुसाबाहेरच ठेवलं!

या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं केलं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, 1873 मध्ये. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. 1872 च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडात ब्लूइट नावाच्या संग्राहकाला हा पक्षी मिळाला, म्हणून नाव पडलं ‘हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी’. ग्रीकमध्ये हेटेरो म्हणजे वेगळं, ग्लॉक्स म्हणजे घुबड. ह्यूम यांची नजर पक्की होती.

नंतरच्या काही पुस्तकांनी मात्र त्याला ‘फॉरेस्ट स्पॉटेड आउलेट’ केलं, आणि इथे नाव फसलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, करडं-तपकिरी आणि जवळजवळ कोरं असतं. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पाय दणकट. तो दिवसाउजेडी निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उघडा बसतो. ज्याच्या अंगावर ठिपके शोधावे लागतात, त्याला ‘ठिपकेवाला’ म्हणणं चूकच होतं.

1884 नंतर हा पक्षी खात्रीने कुणालाच दिसला नाही. ब्रिटिश संग्राहक माइनर्ट्‌झहॅगन यांनी 1914 सालचा म्हणून दाखवलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच निघाला. अखेर 25 नोव्हेंबर 1997 रोजी पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो खानदेशातल्या शहाद्याजवळ दिसला, 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. आजही तो संकटग्रस्त आहे.

माझ्या मते मराठी नावच अधिक नेमकं आहे. ‘पिंगळा’ म्हणताच नातं कळतं, ‘रान’ म्हणताच घर कळतं. बांधावरच्या कडुलिंबावर साध्या पिंगळ्याचं भागतं, याचं भागत नाही. सागवान तुटलं की याचा ठावच उठतो.

मेळघाटात गेलात तर त्याला ओळखा डोक्यावरून. मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका. आणि तिथल्या कोरकू म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते त्याला काय म्हणतात. जे सांगतील ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा.