चुलीच्या धुराड्याला पाइप कोणता?

गॅस घरोघरी आला, तरी कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत चूल काही सुटलेली नाही. न्हाणीचे पाणी, दावतीचा मोठा टोप, पावसात न आलेला सिलिंडर, कारणे बरीच. पूर्वी कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. आता वर स्लॅब पडला आणि धुराला वाट उरली नाही. मग धुराडे बसवायचे ठरते. चूल कशी हवी यावर घरात चार दिवस चर्चा होते. पाइप मात्र दुकानदार देईल तो!

त्यात पुष्कळदा येतो तो करड्या रंगाचा पाइप. दुकानात त्याला ‘सिमेंटचा पाइप’ किंवा ‘एसी पाइप’ म्हणतात. एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. 1983 नंतर सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, त्यात अनेक घरांना हाच पाइप लागला. गंजत नाही, स्वस्त पडतो, म्हणून लोक अजूनही मागतात. पण तो कापताना, भोक पाडताना किंवा फोडून काढताना त्यातले बारीक तंतू धुळीबरोबर उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात वर्षानुवर्षे रुतून राहतात. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आजार बहुधा 20 ते 40 वर्षांनी उघड होतो. तोवर त्या पाइपाची आठवणही कोणाला नसते. शिवाय थेट आचेने तो तडकतो, कधी आवाज होऊन तुकडे उडतात. जुना पाइप काढायचा असेल तर पाण्याने भिजवून, न फोडता, अखंड उतरवा. तोंडाला चांगला मास्क हवा, आणि मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा. तुकडे अंगणात भरावाला तर मुळीच टाकू नका.

पीव्हीसीबद्दल बोलायलाच नको, तो 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो. जीआय पाइप मात्र फसवा आहे. त्यावरचा जस्ताचा मुलामा साधारण 200 अंशांपर्यंतच नीट टिकतो, आणि चुलीच्या तोंडाशी धूर त्याहून गरम असू शकतो. जस्त जळल्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा. धूर निवलेला असतो त्या वरच्या भागात जीआय चालून जाईल, पण चुलीलगतच्या पहिल्या चार-पाच फुटांत नको.

तिथे 2 मिलिमीटर जाडीचा काळा लोखंडी पाइप घ्यावा. घाटावर तो पुष्कळ वर्षे जातो. किनाऱ्यावर खारी हवा, त्यात आपण जाळतो नारळाची सोडणे. सोडणात क्षार भरपूर, म्हणून पाइप आतून खातो. ऐपत असेल तर स्टेनलेस स्टील, 304 ग्रेडचे. अगदी समुद्राकाठी 316. इथे एक सावधगिरी हवी. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही, अस्सल 304!’ स्वस्त 202 लाही चुंबक चिकटत नाही, आणि ते लवकर गंजते. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

बसवताना वरच्या पाइपाचे टोक खालच्या पाइपाच्या आत जायला हवे. धूर सांध्यातून गळेल या भीतीने मिस्त्री उलटे बसवतात. धूर वर ओढला जातो, तो गळत नाही. ओल्या लाकडाचे डांबर मात्र खाली ओघळते आणि उलट्या सांध्यातून भिंतीवर येते. स्लॅबमध्ये पाइप सिमेंटने घट्ट बुजवू नका. 3 मीटरचा लोखंडी पाइप 200 अंशांनी तापला की सुमारे 7 मिलिमीटर लांबतो, मग स्लॅबला चीर जाते. मोठी नळी घालून मधल्या फटीत रॉकवूल भरावे. लाकडी वासे असतील तर पाइपापासून दीड फूट अंतर हवेच. पाइप छपराच्या वर तीन फूट न्यावा, चुलीच्या तोंडाहून अरुंद करू नये, आणि आडवा तर शक्यतो नेऊच नये.

तळाशी एक टी आणि झाकण बसवून घ्या, म्हणजे काजळी खरवडून काढता येते. पावसाळ्यात ओले लाकूड जळते तेव्हा हे झाकण महिन्यातून एकदा उघडावे. आत साठलेले डांबर पेटले तर पाइप लालबुंद होतो, आणि लगतचे लाकूडही पेट घेऊ शकते.