पक्षाघात : मेंदूच्या पेशी स्वतःलाच खातात तेव्हा

“सकाळी सहाला तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. तेल लावून चोळले, कबुतराचे रक्त लावले. उतार पडेना म्हणून आणले.” नातेवाईक अशी हकिगत सांगतात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. मधल्या नऊ तासांत रोग्याच्या मेंदूत काय घडत होते, ते आज पाहू.

अंगावरून वारे जाणे, लकवा, अर्धांगवायू ही सारी पक्षाघाताचीच नावे. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. बहुतेक रोग्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. काहींत रक्तवाहिनी फुटते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्याजवळ साठा नसतो. गुठळीने मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला.

मात्र सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. जिथे रक्त जवळजवळ पोचतच नाही, त्या गाभ्यातील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. त्याभोवतीच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त मिळत राहते. तेथील पेशींचे काम बंद पडते, पण त्या जिवंत असतात. त्या तग कशा धरतात?

दुष्काळात शेतकऱ्याचे घर कसे चालते ते आठवा. आधी अडगळ मोडीत जाते, मग जादा भांडी. तेवढ्यात पाऊस आला तर घर सावरते. नाही आला, तर घराचे वासेच चुलीत घालायची पाळी येते. पेशीचेही तसेच आहे. उपासमार होताच ती आपल्यातील मोडके, निकामी भाग एका पिशवीत गुंडाळते, पाचक रसांनी विरघळवते आणि त्यातून मिळालेला माल पुन्हा वापरते. याला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण म्हणतात. हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव यांनी १९६३ साली दिले. त्यामागची यंत्रणा यीस्टच्या पेशींत उलगडून दाखविल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पक्षाघातात हे स्वभक्षण दुधारी ठरते. बेताचे असेल तर बिघडलेले भाग दूर होऊन पेशी वाचते. अति झाले तर पेशीच्या मरणाला हातभार लागतो. उंदरांवरील प्रयोगांत ते थांबविल्याने कधी मेंदूचे नुकसान कमी झाले, तर कधी वाढले. म्हणूनच स्वभक्षणावर ताबा ठेवून पक्षाघात बरा करणारे औषध अजून वापरात आलेले नाही. स्वभक्षण वाढावे म्हणून हल्ली काहीजण कडक उपास करतात. पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, तसेच मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये.

पेशीचा पाऊस म्हणजे रक्त. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे काढता येते. निवडक रोग्यांत हे २४ तासांपर्यंतही शक्य असते. पण जितका उशीर, तितका फायदा कमी.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात वर केल्यावर एक खाली येतो का? बोलणे अडखळते का? यांपैकी एकही खूण अचानक दिसली तर रोगी शेवटचा धडधाकट केव्हा होता ती वेळ लिहून घ्या, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. रक्तवाहिनी फुटली असल्यास ती घातक ठरेल. लक्षणे थोड्या वेळाने आपोआप गेली, तरीही त्याच दिवशी दाखवा.

गाभ्याभोवतीच्या पेशी स्वतःला खाऊन काही तास वाट पाहतात. ते तास तेल चोळण्यात घालवू नका.