जुना फोन कुठंय?

एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीची दुकानं एकाला एक लागून आहेत. ‘कोणतंही लॉक दहा मिनिटांत’ अशा पाट्या जागोजागी. एका काचेवर मात्र खोक्याचा पुठ्ठा कापून स्केचपेननं लिहिलं होतं : ‘जीमेलचा पासवर्ड विसरलात? आधी जुना फोन शोधा, मग या.’ गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणारी पाटी नाशिकच्या बाजारात मी तरी पाहिली नव्हती. म्हणून आत शिरले, आणि पुढे जमेल तेव्हा जाऊन बसत राहिले.

दुकान म्हणजे दोन टेबलं. एकावर एक पोरगा वाकून सोल्डरिंग करत असतो. जळक्या राळेचा वास कपड्यांत बसतो तो घरी गेल्यावरही जात नाही. दुसऱ्या टेबलाशी मालक. नाव छापू नका म्हणाले. गल्लीत त्यांना सगळे दादाच म्हणतात.

येणारा माणूस बसायच्या आधी आधार कार्ड काढून काचेवर ठेवतो. कुणी पॅन, कुणी रेशनकार्डाची झेरॉक्सही आणतं. बँकेत, तलाठ्याकडे, आरटीओत हेच लागतं, तेव्हा इथंही लागणार हा हिशेब सरळ आहे. दादा ते कार्ड एका बोटानं परत सरकवतात आणि विचारतात, “जुना फोन कुठंय?”

उत्तरं ठरलेली. दिवाळीच्या सेलमध्ये एक्स्चेंजला दिला. नातवानं पाण्यात टाकला. भोंग्यावर ‘जुने, फुटके, बंद पडलेले मोबाइल द्या’ असं ओरडत गाडीवाला येतो, त्याला देऊन प्लॅस्टिकचा टब घेतला. या शेवटच्या उत्तरावर दादा कपाळाला हात लावतात. “दीडशे रुपयांच्या टबापायी लोकं घराची चावी देऊन टाकतात, मॅडम.”

चावी का, ते थोडं समजून घ्यायला हवं. अकाउंटला जोडलेला मोबाइल नंबर बंद, दुसरा ईमेल कधी दिलेलाच नाही, अशा माणसाला गूगल ओळखणार कसं? चेहरा माहीत नाही, आधार चालत नाही. मग ते सवयी बघतं. पूर्वी ज्या फोनवरून, ज्या ब्राउझरमधून, ज्या ठिकाणाहून लॉगिन व्हायचं, तिथूनच आता कुणी दार वाजवतंय का? शेवटचा आठवणारा पासवर्ड कोणता? त्यातली मोठी-लहान अक्षरं बरोबर आहेत का? अंदाज चुकला तरी हाकलून देत नाही. उलट आठवेल ते सांगा, प्रश्न सोडू नका, असंच कंपनी म्हणते. जुना फोन चालू झाला आणि अकाउंट त्यात अजून उघडं असेल, तर पासवर्ड विसरला तरी बऱ्याचदा फोनवरच विचारणा येते, ‘हे तुम्हीच का?’ नाहीतर फोनचं स्क्रीनलॉक काढून दाखवलं की ओळख पटते.

म्हणून दादा बहुतेकांना घरी पाठवतात. “माझ्या कॉम्प्युटरवर केलं तर त्यांना वाटणार चोर बसलाय. घरच्या वायफायवर, जुन्या फोनवरून, शांतपणे करा.” घरी पाठवायचे पैसे ते घेत नाहीत. कुणी इथंच पासवर्ड टाकून बघायचा हट्ट धरला, तर उठून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. गिऱ्हाइकाचा पासवर्ड स्वतः टाइप करायचा नाही, हा नियम. शेजारचे दुकानदार हसतात. धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं हसणं चूक नाही.

इंदिरानगरच्या काकू आल्या तेव्हा मी तिथंच होते. निवृत्त शिक्षिका. मुलानं पुण्याहून नवा फोन पाठवलेला, त्यात जीमेल टाकायला गेल्या तर पासवर्ड आठवेना. म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं, सहलींचे फोटो, सगळं त्याच आयडीत. आयडी काकूंचा, पण काढून दिला होता काकांनी आणि नंबर टाकला होता स्वतःचा. काका गेले त्याला वर्ष होत आलं होतं. नंबरला रिचार्ज करायचं कुणाला सुचलं नाही.

“९० दिवस,” दादा म्हणाले.

हा आकडा त्यांच्या तोंडात सारखा असतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस दुसऱ्याला द्यायचा नाही. त्यानंतर तो बाजारात येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दूरसंचार नियामकानं ९० दिवसांचा नियम सांगितला. जुन्या नंबरवरची व्हॉट्सअॅपची माहिती पुसायची काळजी ग्राहकानंच घ्यावी, असं न्यायालयानं म्हटलं. कायद्यानं ते ठीक असेल. पण दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत नवऱ्याच्या सिमला रिचार्ज मारायचं भान कुठल्या घरात असतं?

काकूंनी तिथूनच तो नंबर लावला. पलीकडून एका तरुण पोराचा आवाज आला. धुळ्याकडचा असावा. काकूंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि एक ओटीपी येईल तो सांगशील का, असं विचारलं. पोरगा अदबीनं म्हणाला, “काकू, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही म्हणतात ना? मग मी कसा सांगू?”

काकू फोनकडे बघत राहिल्या. दादा म्हणाले, “बरोबर बोलला तो. आणि तुम्ही पण परत कुणाकडे मागू नका.”

जुना फोन काकूंच्या कपाटात होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी तो रुमालात गुंडाळून आणला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलेलं. काकू चार्जर शोधायला लागल्या तसा सोल्डरिंगवाला पोरगा ओरडला, “लावू नका!” त्यानं झाकण काढलं, फुगलेली बॅटरी प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूच उकलून बाहेर काढली आणि पत्र्याच्या डब्यात टाकली. मग ड्रॉवरमधल्या पंधरा-वीस जुन्या बॅटऱ्या लावून, काढून, पुन्हा लावून बघितल्या. एक बसली. बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळाच. दुकानात कुणी बोलत नव्हतं, शेजारचा चहावालाही ग्लास हातात धरून थांबला होता. मग कंपनीचं नाव उजळलं आणि पोरगा नुसता “हां” म्हणाला. तांत्रिक काम म्हणाल तर एवढंच. बाकी पुढचं काकूंनी घरी जाऊन केलं.

सगळ्यांचं असं होत नाही. दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आले होते. त्यांचा आयडी बागेच्या निर्यात नोंदणीसाठी कधीकाळी एका सल्लागारानं काढून दिलेला. नंबर सल्लागाराचा, पासवर्ड सल्लागाराचा, फोनही त्याचाच. सल्लागार आता फोन उचलत नाही. यांच्याकडे आठवणीतली एकही गोष्ट नाही, कारण या अकाउंटमध्ये ते स्वतः कधी शिरलेच नव्हते. दादांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, “सोडा भाऊ. नवा काढा आणि कृषी खात्याला कळवा.” शेतकऱ्याला राग आला. माझ्या बागेचा आयडी माझा नाही म्हणजे काय, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पण आपल्याकडे आयडी काढायची रीतच ही. कुणाचा सायबर कॅफेवाल्यानं काढलेला, कुणाचा शाळेच्या लॅबमध्ये सरांनी, कुणाचा फोन विकणाऱ्यानं दुकानातच. बॅकअप नंबर नाही असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुधा असतो, दुसऱ्याचा असतो.

अशी रागावलेली, घाबरलेली माणसं नेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’ शोधतात आणि तिथं भलतेच नंबर भेटतात. पलीकडचा गोड बोलतो, आपला फोन त्याच्या हाती देणारं एनीडेस्क अॅप टाकायला लावतो, आणि अकाउंटसोबत बँकही जाते. गूगलनं स्वतःच सांगितलंय, पासवर्ड मिळवून देणाऱ्या कुठल्याही सेवेशी आमचा संबंध नाही. फसलेल्यांना दादा आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांगतात. जीमेलचं नंतर.

माझा गूगलसारख्या कंपन्यांवर राग आहे तो इथं. फाटकी नोट बदलायला खिडकी आहे, हरवलेल्या पासबुकासाठी अर्ज आहे. ज्या आयडीवर माणसाचं निम्मं आयुष्य टांगलंय, त्याच्यासाठी समोर बसून ऐकणारा एकही माणूस नाही. २०२१च्या आयटी नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला, चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल अशी मुदत तेव्हा घातली, आणि जानेवारी २०२३मध्ये वर अपिलासाठी केंद्रानं समित्याही नेमल्या. दादांच्या दुकानात आलेल्या एकानंही त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. दोन वर्षं न वापरलेली अकाउंटं गूगल डिसेंबर २०२३पासून पुसायला लागलंय, हेही नाही.

काकूंचं अकाउंट उघडलं. रिकव्हरीला मुलाचा नंबर टाकू का, हे विचारायला त्या पुन्हा आल्या. दादा म्हणाले, “तुमचाच टाका. पोरगा उद्या नंबर बदलेल.” बॅटरीचे तेवढे पैसे घेतले.

तुम्ही आईला, सासऱ्यांना, गावाकडच्या काकांना आयडी काढून दिला असेल, तर तिथं नंबर कुणाचा आहे ते आज बघून घ्या. त्यांचा स्वतःचा टाका, त्यांच्या फोनला रिचार्ज चालू ठेवा, सिक्युरिटीच्या पानावर टू-स्टेप चालू केलं की मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आणि टबवाल्याला फोन देण्याआधी त्यात कोण लॉगिन आहे ते तपासा.