पहिला घास सहाव्या महिन्यातच का?

प्रत्येक माणसाच्या दुधाच्या दातावर त्याच्या जन्मदिवसाची रेघ असते. हे दात आईच्या पोटातच घडायला लागतात आणि जन्माच्या वेळी त्यांच्या इनॅमलमध्ये एक सूक्ष्म रेषा उमटते. तिच्यापुढे रोज एक थर चढत जातो. म्हणजे ती रेषा सापडली की पुढचे दिवस मोजता येतात. त्यात आणखी एक सोय अशी, की आईच्या दुधात कॅल्शियम भरपूर उतरतं, पण स्ट्रॉन्शियम फार कमी. वनस्पतींपासून मिळणाऱ्या अन्नात ते जास्त असतं. त्यामुळे बाळाने दुधाशिवाय दुसरं काही खायला सुरुवात केली की दाताच्या त्या दिवसांच्या थरांत स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसतं.

ईशान्य इटलीत मिळालेले निअँडरथल बालकांचे तीन दुधाचे दात शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये असे वाचले. दात होते ४५ ते ७० हजार वर्षांपूर्वीचे. दातांनी सांगितलं की वरचं अन्न सुरू झालं ते पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास. या आयांकडे ना पंचांग होतं, ना बालरोगतज्ज्ञ.

पुढे सुश्रुतसंहितेनेही सहावा महिनाच सांगितला. काश्यपसंहितेने सहाव्या महिन्यात फळं आणि दहाव्यात धान्य अशी पायरी ठेवली. आपल्याकडे मामाच्या मांडीवर बसून, खिरीचं बोट चाटून बाळाचं उष्टावण होतं, तेही याच दिवसांत. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी ‘चार ते सहा महिने’ म्हणायची. २००१ पासून तिचा सल्ला आहे पूर्ण सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला अन्न. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी सगळे एकाच महिन्यापाशी कसे पोहोचले? कारण तो महिना बाळाच्या शरीरातच ठरलेला आहे.

त्यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट लोहाची. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना सुमारे पाव ग्रॅम लोह घेऊन येतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई वारेतून ही शिदोरी बांधून देते. म्हणूनच दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची ती अपुरी राहते आणि त्याला लोहाचे थेंब लवकर द्यावे लागतात. पोटात असताना बाळाला प्राणवायू बेताचाच मिळतो, त्यामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. स्वतःचा श्वास सुरू झाल्यावर एवढ्या पेशींची गरज उरत नाही. पुढच्या काही आठवड्यांत जादा पेशी मोडीत निघतात, पण त्यांतलं लोह शरीर फेकून देत नाही. ते साठवतं आणि वाढीसाठी पुरवून पुरवून वापरतं. नाळ बांधायला एक ते तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं आणखी रक्त बाळाकडे जातं आणि साठा वाढतो. हा साठा पुरतो साधारण सहा महिने.

आता आईच्या दुधाकडे पाहा. त्यात लोह लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नसतं. आईने कितीही पालक खाल्ला, लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी तिच्या स्वतःच्या रक्ताला फायदा होतो, दुधातलं प्रमाण फारसं हलत नाही. याला उणीव म्हणण्याची घाई नको. बहुतेक रोगजंतूंनाही वाढायला लोह लागतं, आणि दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोहाला धरून ठेवून ते जंतूंच्या हाती लागू देत नाही. दूध असं राखीव राहू शकतं, कारण बाळाचं लोह तोवर बाळाच्या अंगातच असतं. साठा संपत आला की मात्र चित्र झपाट्याने पालटतं. अमेरिकेच्या आहारमानकांत पहिल्या सहा महिन्यांसाठी रोजचं लोह ०.२७ मिलिग्रॅम धरलं आहे, पुढच्या सहा महिन्यांसाठी ११ मिलिग्रॅम. अन्नातलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं, म्हणून आकडा एवढा मोठा. पण तो दुधातून भरून निघणं शक्य नाही, हे तर उघडच आहे.

उष्मांकांचा हिशेबही इथेच येऊन अडतो. आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ ते ७० किलोकॅलरी असतात आणि रोजचं दूध पाऊण लिटरच्या आसपास स्थिरावतं. बाळ मात्र थांबत नाही. पाच महिन्यांत त्याचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०.

आणि नेमकं याच सुमारास तोंडही तयार होतं. तान्ह्या बाळाच्या ओठांना चमचा लावला, तर जीभ तो बाहेर ढकलते. घशात नको ते जाऊ नये म्हणून निसर्गाने बसवलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया चार ते सहा महिन्यांत ओसरते. मान सावरते, आधाराने बसता येतं, समोरच्या ताटाकडे हात जातो. तेव्हा घरातली आजी म्हणते, ‘याला आता वरचं द्यायला हवं.’ त्याआधी घाई केली तर दूध कमी प्यायलं जातं आणि अस्वच्छ पाण्या-भांड्यांतून जुलाब मागे लागतात.

बाळाला हे अन्न अगदी परकंही नसतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत जुली मेनेला यांनी काही गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना बाळंतपणानंतर. पुढे त्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली, तेव्हा इतर बाळांपेक्षा त्यांनी नाकं कमी मुरडली. त्याआधीच्या, १९९१ मधल्या प्रयोगात आईने लसूण खाल्ल्यावर दुधाला त्याचा वास आला आणि बाळं जास्त वेळ चोखत राहिली. आपल्या घरातली लसणाची फोडणी बाळापर्यंत अशी आधीच पोहोचलेली असते.

पोटात तर पूर्ण सत्तांतर होतं. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंसाठी! आई एका वेळी बाळाला आणि त्याच्या जिवाणूंनाही पोसत असते. भात, डाळ, भाजी आली की तंतू आणि पिष्ट पचवणारे नवे जिवाणू येतात आणि हळूहळू मोठ्या माणसासारखी वस्ती तयार होते. या नव्या पाहुण्यांना आणि नव्या अन्नालाही ओळखायला शरीराची प्रतिकारशक्ती याच काळात शिकते. इस्राएलमधल्या ज्यू मुलांना लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ मिळतो, आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दहापट कमी आढळली. त्यावरून लंडनमध्ये गिडिअन लॅक यांनी अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग केला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: शेंगदाणा लवकर खाणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के मुलांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी होती, टाळणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना. अर्थात बाळाला अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो घशात अडकतो. बारीक कूट मऊ अन्नात कालवूनच द्यावं. आधीपासून इसब किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारून.

आपल्या स्वयंपाकघरातही एक रसायन दडलेलं आहे. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ चिमूटभर घातलं, की घट्ट खीर पातळ होते, तरी तिच्यातले उष्मांक तेवढेच राहतात. बाळाचं पोट लहान, त्यामुळे हे फार मोलाचं. बडोद्यात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावरच संशोधन केलं.

एवढं सगळं जुळून येत असताना आपण कमी पडतो ते ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते आठ महिन्यांच्या निम्म्याहून कमी बाळांना दुधाच्या जोडीने वरचं अन्न मिळत होतं, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार फक्त ११ टक्क्यांना. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तेव्हा सहा महिने पूर्ण झाले की थांबू नका. खिमट, तूप घातलेला मऊ वरणभात, कुस्करलेली भाजी, चालत असेल तर अंडं, मासे, मटण द्या. मीठ-साखर वर्षभर नको आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट असू द्या. आणि वरणाच्या पाण्यावर भागवू नका, बाळाला वरण द्या. लोह आणि प्रथिनं डाळीत असतात, वरच्या पाण्यात नाही.