चहाच्या पेल्यापासून नाणेफेकीपर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून ‘लगान’ पाहिला. २००१ साली तो आला तेव्हाच मी पाहिला होता. पण नातीने पाहिला नव्हता, आणि फराळाचे ताट मांडीवर घेऊन नातवंडांबरोबर जुना चित्रपट पाहण्यात जी गंमत आहे, ती नव्या चित्रपटात नाही. गावकऱ्यांनी गोऱ्या साहेबांना हरवले, पाऊस कोसळला, आणि आमच्या घरात टाळ्या पडल्या. सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदरही लावला.

एवढ्यात नऊ वर्षांच्या आमच्या नातीने विचारले, “आजोबा, मॅच झाल्यावर कचरा कुठे जेवला?”

वाचकहो, ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘कचरा’ हा त्या चित्रपटातला अस्पृश्य गोलंदाज. त्याचा एक हात अधू, आणि त्याच हाताने चेंडू वळतो. त्याला संघात घ्यायला सारा गाव नकार देतो. मग नायक एक जोरदार भाषण करतो आणि पाच-दहा मिनिटांत गावाचे मन पालटते. पुढे कचरा ओळीने तीन बळी घेतो. पण तो कुठे जेवला, हे चित्रपट सांगत नाही. “सगळ्यांबरोबरच जेवला असेल,” असे मी म्हणालो खरा. पण ते उत्तर मलाच पटले नाही. कारण असा एक गोलंदाज आपल्या महाराष्ट्रात खरोखरीच होऊन गेला, आणि तो कुठे जेवत असे, चहा कशातून पीत असे, याची नोंद आहे.

त्याचे नाव पालवणकर बाळू. ‘लगान’ची गोष्ट घडते १८९३ साली. त्याच सुमारास पुण्यात हा चर्मकार समाजातला पोरगा पूना क्लबच्या मैदानावर रोलर ओढत होता, खेळपट्टी झाडत होता. त्याआधी पारशांच्या क्लबात त्याला महिना तीन रुपये मिळत. साहेबांकडे चार रुपये झाले. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज सरावाला आला, की बाळूने त्याला तासन्‌तास चेंडू टाकायचे. आपल्याला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असे ग्रेगसाहेब म्हणत, अशी एक आख्यायिका आहे. मात्र बॅट धरणे हे साहेबांचे काम! बाळूच्या हाती त्या मैदानावर कधी कोणी बॅट दिली नाही. तेव्हा त्याच्या डावखुऱ्या फिरकीचे मूळ अधू हातात शोधू नका. ती साहेबांच्या चाकरीत, घाम गाळून कमावलेली कला होती.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांशी सामने जिंकायचे होते. त्यांनी बाळूला संघात घेतले. मैदानावर तो टाकील तो चेंडू साऱ्यांनी हाताळायचा, त्याला काही विटाळ नव्हता. पण चहाची सुट्टी झाली, की बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. भांडे नंतर फेकून द्यायचे. जेवायला त्याचे ताट वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल, तर तेही त्याच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य नोकराने आणून द्यायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे एका सभेत बाळूला हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खातपीत का नाही, असे पुणेकरांना सुनावले, असे सांगतात. म्हणजे आमच्या नातीचा प्रश्न रानड्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला होता.

पुढे बाळू मुंबईला आले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हे दोघेही संघात होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात तोवर त्यांच्याबरोबर बसून खाणेपिणे सुरू झाले होते, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांनी जिमखान्याचे कौतुकही केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी टिपले.

चित्रपटवाले इथेच ‘समाप्त’ची पाटी लावतील. पण पेला मिळाला, पंगत मिळाली, तरी नाणेफेक कुठे मिळाली होती? संघातला सर्वांत मोठा गोलंदाज असूनही बाळूंना कर्णधारपद दिले गेले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा त्यांनीच जाहीरपणे सांगितले, की हा मान खरा बाळूंचा. १९२० साली तर कहरच झाला. आजारी पैंच्या जागी, बाळूंचे भाऊ विठ्ठल संघात असताना, त्यांच्याहून कनिष्ठ खेळाडूला नेमले, बाळूंना वगळलेच. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. आपल्याला जातीमुळे डावलले जात आहे, हे त्यांनी स्पष्ट बजावले. गवगवा झाला, लोकमत त्यांच्या बाजूने गेले, आणि पुढच्या सामन्यासाठी बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. ते त्यांचे कर्णधारपद!

अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी युरोपियनांना हरवल्यावर उच्चवर्णीय मंडळींनी या ‘अस्पृश्य’ कर्णधाराला खांद्यावर घेऊन मिरवले. १९०६ च्या विजयापासून मोजली, तरी मध्ये सतरा वर्षे गेली. आणि ती एका भाषणाने नव्हे, तर एका घरातल्या भावांनी हक्काने ‘नाही’ म्हटल्याने आणि पैंसारख्यांनी आपली जागा सोडल्याने सरली.

हे आपल्याच देशात घडते असे समजू नका. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली, आणि मायदेशी त्याच्याच सत्कारासाठी न्यूयॉर्कच्या आलिशान हॉटेलात त्याला सामानाच्या लिफ्टमधून वर जावे लागले. २०१६ सालच्या ‘रेस’ या चित्रपटाने शेवटी ती लिफ्ट दाखवली, म्हणून तो मला आवडतो. आपल्या नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्याच जातीचा. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावरून सुचलेल्या या चित्रपटात झोपडपट्टीतली पोरे कॉलेजच्या संघाला मध्यंतराच्या आसपासच हरवतात. खरी झुंज पुढे, परदेशी जायला लागणाऱ्या कागदपत्रांसाठी.

लिफ्टचे नाव निघाले म्हणून सांगतो. आम्ही राहतो ठाण्याला, मानपाड्यात, घोडबंदर रस्त्याजवळच्या एका उंच इमारतीत. गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसतात, पाहुणे वाखाणतात. आमच्या इमारतीत तीन लिफ्ट आहेत. त्यांतल्या एकीवर पाटी आहे: सामान, पाळीव प्राणी आणि घरकामगार यांच्यासाठी. ती पाटी मी वर्षानुवर्षे रोज वाचतो. वाचतो म्हणजे काय, डोळ्यांखालून जाते एवढेच.

आणि दुसरी गोष्ट सांगायला जीभ जरा अडखळते. नातीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या मांडणीपासून दूर, कानाचा टवका उडालेला एक कप पालथा घातलेला होता. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. तो तिथे कोणी ठेवला, कधीपासून ठेवला, कोणाला सांगता येईना. कोणी ठरवले नव्हते, कोणाच्या मनात काही वाईटही नव्हते. पुण्याच्या त्या क्लबातही बहुधा असेच असेल.

मी तो कप टाकून दिला. त्या दिवशी बाईंना चहा आमच्याच कपातून दिला आणि टेबलाशी बसायला सांगितले. चहा त्यांनी घेतला. पण “मी इथंच बरी, काका,” म्हणून ओट्याशी उभ्या राहूनच प्यायल्या. मी आग्रह केला नाही. इतक्या वर्षांची सवय एका कपाने कशी जाणार? लिफ्टची पाटी काढावी असा अर्ज मी सोसायटीकडे दिला आहे. पुढच्या सभेत तो चर्चेला येईल, आणि दोघातिघांचा विरोध आहे, हेही मला ठाऊक आहे.

नातीला मात्र आता खरे उत्तर दिले आहे: कचरा कुठे जेवला ते ठाऊक नाही, पण बाळू कुठे चहा प्याले ते ठाऊक आहे. पेल्यापासून नाणेफेकीपर्यंतचे अंतर चालायला पालवणकर घराण्याचा जन्म गेला. आमच्या घरातले ते अंतर ओट्यापासून टेबलापर्यंत आहे, जेमतेम चार पावलांचे. यंदाच्या दिवाळीला फराळाची ताटे त्या टेबलावर मांडू, तेव्हा एक खुर्ची अधिक ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. बसायचे की नाही, ते बाई ठरवतील.