मांडीतली गिरणी

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या राइस मिलमध्ये पोती वाहणारा नवा हमाल पाहा. पहिले काही दिवस त्याच्या मांड्या ठणकतात. काही महिन्यांनी त्याच मांड्या भरदार दिसू लागतात. हे नवे मांस येते कोठून?

स्नायुतंतूंची संख्या फारशी वाढत नाही. असलेला प्रत्येक तंतू जाड होतो, कारण त्यात मायोसिन, ॲक्टिन अशा प्रथिनांची भर पडते. डाळ, दूध, मासळी यांतून मिळालेली अमिनो आम्ले एकापुढे एक ओवून ही प्रथिने तयार होतात. ओवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. ते इतके लहान की एका मिलिमीटरमध्ये तीसेक हजार ओळीने बसतील.

आता थोडे गणित करू. (पदार्थविज्ञानाच्या मास्तराला त्यावाचून चैन पडत नाही!) आपल्या पेशीतला रायबोसोम सेकंदाला साधारण ५ अमिनो आम्ले जोडतो. मायोसिनच्या मोठ्या साखळीत सुमारे १,९४० अमिनो आम्ले असतात. म्हणजे एका साखळीला साडेसहा मिनिटे लागली. स्नायूतलेच टायटिन तर ३३,००० हून मोठे. त्याला पावणेदोन तासांहून अधिक हवेत! आणि तंतू जाड व्हायचा तर अशा साखळ्या असंख्य लागणार.

मिलमध्ये धानाची आवक वाढली की मालक काय करतो? आधी आहे तेच यंत्र जास्त वेळ चालवतो. आवक टिकून राहिली तर नवे यंत्र बसवतो. स्नायूचेही तसेच आहे. श्रमानंतर काही तासांतच जुने रायबोसोम जोमाने कामाला लागतात. श्रम रोजचे झाले की दिवसा-आठवड्यांनी रायबोसोमांची संख्याच वाढते.

नवे रायबोसोम घडतात केंद्रकात. एका स्नायुतंतूला एक नव्हे, शेकडो केंद्रके असतात. प्रत्येकात केंद्रिका नावाचा गडद ठिपका असतो, तोच हा कारखाना. रायबोसोमला चार आरएनए रेणू आणि सुमारे ८० प्रथिने लागतात. गंमत अशी, की ही प्रथिने केंद्रकाबाहेर जुने रायबोसोमच तयार करतात आणि ती आत पाठवली जातात. गिरणीनेच नव्या गिरणीचे सुटे भाग घडवावेत, तसे! जुळणी होऊन दोन भाग वेगवेगळे बाहेर पडतात आणि कामाच्या वेळी एकत्र येतात.

रायबोसोमची रचना क्ष-किरणांनी उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. त्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन १९७१ मध्ये बडोद्याहून बी.एस्सी. झाले, तेही पदार्थविज्ञान घेऊन.

उलटही घडते. मोडलेल्या पायाचे प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक झालेली तुम्ही पाहिली असेल. काम थांबताच तिथली प्रथिने घटतात, आणि त्यांच्याबरोबर रायबोसोमही.